सुशीचा बुफे नीट कसा जेवावा: सांगलीहून निघण्यापासून शेवटच्या ताटापर्यंत

जपानी सुशी आणि समुद्री मासळीच्या 'हवे तितके खा' बुफेला जायचे ठरले की सांगली-मिरजेकडे सल्ल्यांची कमतरता राहत नाही. सकाळपासून उपाशी राहा, सर्वांत महाग दिसेल ते आधी उचला, बर्फातला मासा शिळा असतो म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका, असे सांगणारे बहुतेक जण त्या बुफेत एकदाच गेलेले असतात किंवा मुळीच गेलेले नसतात. घरच्यांना, नातेवाइकांना आणि मित्रमंडळींना घेऊन पुण्या-मुंबईच्या अशा बुफेंना मी वर्षानुवर्षे जात आलो आहे आणि हे तिन्ही सल्ले हानिकारक आहेत, असे माझे ठाम मत आहे. बुफेतली सुशी म्हणजे खरी सुशीच नव्हे, हा आक्षेपही मला पटत नाही. टोकियोच्या इंपीरियल हॉटेलने १९५८ साली जपानमध्ये बुफे सुरू केला, आणि त्याच वर्षी ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी यांनी फिरत्या पट्ट्यावरून सुशी वाढणारे पहिले दुकान उघडले. सामान्य गिऱ्हाइकाने आपल्या हाताने हवे ते उचलून खाण्याची रीत जपानमध्येही चांगली रुळलेली आहे.

निघण्यापूर्वी

टेबल फोनवरूनच राखून ठेवावे, आणि त्याच फोनमध्ये साशिमी (कच्च्या माशाचे नुसते काप) व निगिरी (भाताच्या छोट्या गोळ्यावर ठेवलेला माशाचा काप) बुफेच्या दरात धरली आहे की वेगळी, वेळेची मर्यादा किती, ताटात उरलेल्या अन्नाचे पैसे लावतात का आणि कर धरून माणशी किती पडते, हे स्पष्ट विचारून घ्यावे. साध्या उपाहारगृहात जीएसटी ५ टक्के असतो, तर बड्या तारांकित हॉटेलात तो १८ टक्के असतो, त्यामुळे सहा-सात माणसांच्या बिलात हा फरक डोळ्यांत भरण्याइतका होतो. वार ठरवताना घरात कोणाचा सोमवार, गुरुवार किंवा शनिवार आहे हेही पाहावे. श्रावणात तर हा बेत आखूच नये, कारण निम्मी मंडळी फक्त फळे खाऊन परततात आणि पैसे मात्र सर्वांचे सारखेच भरावे लागतात.

सकाळी उपाशी निघू नये. इस्लामपूरमार्गे पेठ नाक्याला महामार्गाला लागून पुण्यात पोहोचेपर्यंत चार-पाच तास जातात, आणि एवढ्या उपाशी पोटी माणूस काउंटरपुढे उभा राहिला की समोर जे पहिले दिसेल त्यानेच ताट भरतो. कऱ्हाड-साताऱ्याच्या दरम्यान दोन इडल्या किंवा बशीभर पोहे खाणे पुरेसे असते. मिसळ टाळावी, आणि गाडीत भडंगाची पिशवी तर मुळीच उघडू नये, कारण त्यातला लसूण आणि तिखट जिभेवर इतका वेळ रेंगाळतो की कच्च्या माशाची सौम्य, गोडसर चव नंतर कळतच नाही.

गरोदर स्त्रिया, लहान मुले, थकलेली वयस्कर माणसे, यकृताचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांनी कच्चा मासा खाऊ नये. या बाबतीत मी कोणाचाही आग्रह ऐकत नाही. त्यांच्यासाठी उकडलेल्या कोळंबीची निगिरी, भाजलेल्या वामेची उनागी, गोडसर अंड्याची तामागो आणि पातळ पिठात बुडवून तळलेला तेंपुरा असे भरपूर पदार्थ असतात. कोळंबी-खेकड्याने ज्यांच्या अंगावर पित्त उठते त्यांनी आचाऱ्याला आधीच सांगून ठेवावे. माळकरी किंवा शाकाहारी मंडळी सोबत असतील तर काकडीचा आणि अॅव्होकॅडोचा रोल (समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला भात) त्यांना चालतो, पण मिसो सूपबद्दल (आंबवलेल्या सोयाबीनच्या सूपबद्दल) विचारल्याशिवाय त्यांना ते देऊ नये, कारण त्याचा आधार असलेल्या दाशी या सारामध्ये बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. भाज्यांचा तेंपुरा कोळंबीच्याच तेलात तळला जातो का, हेही विचारावे.

पहिली फेरी

ताट न घेता सर्व काउंटरांवरून एक फेरी मारावी आणि मगच ताट उचलावे.

कच्च्या माशाचा काउंटर

सगळ्यात अवघड टप्पा हाच आहे आणि मला तो समजायला सर्वांत जास्त वेळ लागला, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे मासा म्हणजे ताजा फडफडीत, आणि बर्फातला म्हणजे दुय्यम, अशी समजूत पक्की आहे. रस्सा किंवा तळण्यासाठी ती योग्यही आहे, परंतु कच्च्या खाण्याला ती लागू पडत नाही. समुद्री माशांच्या मांसात अॅनिसाकिससारखे परजीवी असू शकतात. शिजवताना ते मरतात, मात्र कच्च्या माशात त्यांचा बंदोबस्त खोल गोठवण्यानेच करावा लागतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार त्यासाठी मासा उणे २० अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी तापमानात सात दिवस ठेवावा लागतो. म्हणून 'हा मासा गोठवलेला होता का?' या प्रश्नाला आचाऱ्याने 'हो' असे उत्तर दिले तर निश्चिंत व्हावे. पिंजऱ्यात ठरावीक खाद्यावर वाढवलेल्या साल्मनमध्ये हा धोका मुळातच फार कमी असतो. जपानी लोक पूर्वी साल्मन कच्चा खात नसत. नॉर्वेने १९८० च्या दशकात असा साल्मन तिकडे नेला आणि त्यानंतर तो सुशीवर रुळला. आपल्याकडे इंग्रजी मेनूवर 'इंडियन साल्मन' असे लिहिलेले असते तो रावस असतो, आणि तो पूर्णपणे वेगळा मासा आहे, हे लक्षात ठेवावे.

याच कारणाने एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. बुफेवरून परतल्यावर काही उत्साही मंडळी कृष्णेतला मरळ किंवा बाजारातला रोहू-कटला आणून घरी सुशी करण्याचा बेत आखतात. तसे कदापि करू नये. गोड्या पाण्यातल्या माशांतले परजीवी माणसाच्या यकृतापर्यंत किंवा त्वचेखाली पोहोचू शकतात, आणि घरच्या फ्रीजच्या बर्फकप्प्याचे तापमान त्यांना मारण्याइतके उतरेल याचा भरवसा नसतो. व्हिनेगरने किंवा लिंबाने हा धोका जात नाही, सुशीसोबतच्या झणझणीत हिरव्या वासाबीनेही जात नाही.

आता प्रत्यक्ष काउंटरपाशी काय पाहावे ते सांगतो. पहिली गोष्ट ट्रेचा आकार. जेथे लहान ट्रे ठेवतात आणि संपला की नवा आणतात तेथे मासा फार वेळ पडून राहत नाही. जेथे भलामोठा थाळा सजवून ठेवलेला असतो आणि त्यावरच अधूनमधून नवे तुकडे रचले जातात, तेथे खालचे तुकडे केव्हाचे आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. साशिमी बर्फावर टेकलेली असावी, नुसती बर्फाच्या शेजारी मांडलेली नसावी. तुकड्याची कड पाहावी. ती ओलसर आणि नितळ असेल तर उत्तम, पण ती सुकून काळपट झाली असेल किंवा तुकड्याखाली पाणी साचले असेल, तर पुढे जावे. साल्मनच्या पांढऱ्या रेषा ठसठशीत असाव्यात आणि मांसाच्या चिरा उकललेल्या नसाव्यात.

ट्यूनाच्या रंगावर मात्र विसंबू नये. टरबुजासारखा एकसारखा, चकचकीत लाल तुकडा दिसला की लोक तोच ताजा समजून उचलतात, परंतु कार्बन मोनॉक्साईड वायू देऊन हा रंग टिकवण्याची पद्धत आहे आणि जपान व युरोपीय संघाने तिच्यावर बंदी घातली आहे. थोडा गडद, किंचित तपकिरीकडे झुकणारा तुकडा पुष्कळदा अधिक प्रामाणिक असतो. खरी परीक्षा नाकाने आणि जिभेने होते. चांगल्या कच्च्या माशाला समुद्राचा हलका वास येतो, मच्छी बाजाराचा उग्र वास कधीच येत नाही. ट्यूना किंवा बांगडा तोंडात घातल्यावर मिरी चावल्यासारखी चुणचुण झाली, तर तो घास तिथेच टिश्यूत काढून टाकावा. असे मासे उबेत राहिले तर त्यांत अॅलर्जीसारखा त्रास देणारे हिस्टामिन हे द्रव्य तयार होते, आणि ते ना गोठवण्याने जाते ना शिजवण्याने. ही चुणचुण वासाबीची असेल अशी समजूत करून घेऊ नये. वासाबी नाकात चढते, ही मात्र जिभेवर आणि ओठांवर जाणवते.

'व्हाइट ट्यूना' अशी पाटी असलेला लोण्यासारखा पांढराशुभ्र मासा दिसला तर एका तुकड्यावर थांबावे. काही ठिकाणी या नावाने एस्कोलार हा मासा दिला जातो, त्यातले मेण आपल्या पोटाला पचत नाही, आणि पुढे चार-पाच तासांचा परतीचा प्रवास असतो. कच्ची कालवे मी स्वतः खात नाही आणि सोबतच्या कोणाला खाऊ देत नाही. ती भाजलेली किंवा वाफवलेली मिळाली तर अवश्य खावीत.

बुफे उघडल्यापासूनच्या पहिल्या अर्ध्या तासात कच्चा मासा खाऊन घ्यावा, कारण दुपार सरत जाते तशी बर्फ वितळते, चिमटे एका ट्रेतून दुसऱ्या ट्रेत फिरतात आणि मुलांचे हातही तेथे पोहोचतात. म्हणून साडेबाराचा बुफे असेल तर साडेबारालाच आत असावे. दीड वाजता पोहोचलात तर साशिमी सोडून थेट गरम पदार्थांकडे वळावे.

भाताचा हिशेब

आपल्या पंगतीत भात शेवटी येतो, म्हणून पोटाला आधी पोळी-भाजीची सवय असते. सुशीत भात पहिल्या घासापासून असतो, शिवाय तो व्हिनेगर, साखर आणि मीठ घालून केलेला असतो, त्यामुळे तो चटकन खाल्ला जातो आणि पोटात मात्र सावकाश जाणवतो. आठ तुकड्यांच्या एका जाड रोलमध्ये जवळपास वाटीभर भात असतो. रंगीत मेयोनीज, तळलेला चुरा आणि चीज लावलेले हे रोल काउंटरवर सर्वांत पुढे मांडलेले असतात, ते दिसायला आकर्षक असतात, आणि ज्यांचे ताट त्यांनीच भरते त्यांचे जेवण विसाव्या मिनिटाला संपते. त्यांतल्या खेकड्याच्या नावाच्या लाल-पांढऱ्या कांड्या बहुधा खेकड्याच्या नसतात; त्या पांढऱ्या माशाच्या लगद्यापासून बनवतात. खेकडा खायचा असेल तर तो कवचासकट समोर दिसेल तेथेच घ्यावा.

पहिल्या ताटात साशिमीचे पाच-सहा तुकडे घ्यावेत. दुसऱ्या ताटात निगिरी घ्यावी, आणि ती ट्रेमधून न उचलता आचाऱ्याला 'दोन ताज्या वळून देता का?' असे नम्रपणे विचारावे. बहुतेक ठिकाणी ते आनंदाने देतात. हा आग्रह यासाठी की सुशीचा भात अंगाच्या उबेइतका कोमट असताना चांगला लागतो, आणि बर्फावर ठेवलेल्या निगिरीचा भात थोड्याच वेळात कडक, कणीदार होतो. भात बाजूला काढून नुसता मासा खाण्याची युक्ती कोणी सुचवली तर ती मनावर घेऊ नये. आपल्यासमोर उभे राहून ज्याने ती वळली त्याचा तो सरळ अपमान असतो, आणि ताटात राहिलेल्या भाताचे पैसेही पुष्कळ ठिकाणी लावतात.

क्रम सौम्याकडून तीव्राकडे ठेवावा: आधी पांढरा मासा, मग ट्यूना, त्यानंतर साल्मन, आणि वाम किंवा बांगडा सर्वांत शेवटी.

खाण्याची रीत

निगिरी हाताने खाल्ली तर ती जपानी रीतीला सोडून होत नाही, त्यामुळे चॉपस्टिकशी झटापट करण्याचे कारण नाही. अंगठा आणि मधले बोट यांत निगिरी आडवी धरावी, मनगट वळवून माशाची बाजू खाली आणावी आणि तिचे फक्त टोक सोया सॉसला लावून अख्खी निगिरी एका घासात घ्यावी. भाताची बाजू बुडवली की भात स्पंजासारखा सॉस शोषतो, तुटतो आणि वाटीत गाळ होतो. सॉस वाटीच्या तळाला लागेल इतकाच घ्यावा. वासाबी सॉसमध्ये कालवू नये, तर तीळभर थेट माशावर लावावी. आले दोन माशांच्या मध्ये तोंड स्वच्छ करण्यासाठी असते, ते सुशीवर ठेवून खाऊ नये. चॉपस्टिक वापरल्याच तर त्या भातात उभ्या खोचू नयेत आणि एकमेकांच्या चॉपस्टिकमधून घास देऊ-घेऊ नये, कारण या दोन्ही गोष्टी जपानमध्ये अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत.

गोड सरबते आणि कोल्ड्रिंक जेवताना पूर्ण टाळावीत. ग्रीन टी किंवा कोमट पाणी प्यावे.

गरम पदार्थ आणि निघताना

तेंपुरा तळणीतून आल्या आल्या घ्यावा, थंड झालेला घेऊ नये. भाजलेली माकूल, तिसऱ्या आणि खेकडा यांसाठी निम्मे पोट राखून ठेवावे. गोडाला फळे पुरेत.

उरलेले काही बांधून मागू नये. बुफेत ते देत नाहीत, आणि दिले तरी कच्चा मासा गाडीतून सांगलीपर्यंत आणणे धोक्याचे असते. जेवल्यानंतर लगेच महामार्गाला न लागता तासभर पुण्यातच थांबावे. हिस्टामिनचा त्रास व्हायचा असेल तर तो बहुधा याच तासाभरात चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, अंगावर गांधी उठणे अशा रूपात दिसतो. तसे झाले तर घरी पोहोचण्याची वाट न पाहता जवळच्या डॉक्टरांकडे जावे आणि कोणता मासा किती वाजता खाल्ला ते त्यांना सांगावे. श्वास घ्यायला त्रास होऊ लागला किंवा ओठ-जीभ सुजली तर थेट रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा.