विंडोज १० सोडून ११ वर जाताय? या चुका टाळा, नाहीतर ऐन सीझनला पट्टी निघायची नाही

सोयाबीनचा सीझन, मोंढ्यात गाड्यांची लाइन लागलेली, आणि सकाळी साडेनऊला अडतदुकानवाल्या आप्पांचा फोन. "अरे, रात्री पुतण्यानं कंप्युटरला नवीन विंडोज टाकलंय, आता पट्टीच निघंना गेलीय, शेतकरी उभे हैत समोर." मी गाडीला किक मारली आणि गेलो. कंप्युटर झकास चालू होता, स्क्रीनवर ते निळं फुल, सगळं चकाचक. फक्त अडतीच्या बिलाच्या प्रोग्रामवर क्लिक केलं की एकच पाटी यायची, धिस अ‍ॅप कान्ट रन ऑन युवर पीसी. मुनीमजी कार्बन पेपर लावून हातानं पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाची बिलं, लिहायला बसले होते आणि माझ्याकडं असं बघत होते की जणू मीच टाकलंय ते विंडोज.

तर झालं काय होतं, ते बिलाचं प्रोग्राम विंडोजच्या आधीच्या डॉसमधलं, फॉक्सप्रो नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरात केलेलं, कुणीतरी लई वर्षांपूर्वी करून दिलेलं आणि तेव्हापासून तसंच चालत आलेलं. असली १६ बिटची, म्हणजे जुन्या घडणीची प्रोग्रामं ३२ बिटच्या विंडोजमध्ये चालतात, ६४ बिटमध्ये चालतच नाहीत, कितीबी डोकं आपटा. आप्पांच्या मशीनवर विंडोज १० होतं पण ३२ बिटचं. आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, ३२ बिटचं ११ असं काही नसतंच. पुतण्याची काही चूक नाही म्हणा, त्याला वाटलं १० च्या पुढं ११, पाचवीतून सहावीत गेल्यासारखं.

म्हणून पहिली चूक हीच, कंप्युटरवर काय काय चालतं ते न बघता विंडोज बदलणं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट, तिथं सिस्टिम टाइप लिहिलेलं असतं, ३२ बिट असलं की आधी थांबा आणि दुकानातली जुनी प्रोग्रामं कुठली ते विचारा. मालकाला नका विचारू, जो रोज बसतो त्याला विचारा. आणखी एक, ३२ वरून ६४ ला अपग्रेड होत नाही, कोरं इन्स्टॉलच करावं लागतं, म्हणजे प्रोग्रामं सगळी परत टाकायची आली.

आप्पांचं काम मी वीडॉस नावाच्या प्रोग्रामवर भागवलं. ते विंडोजच्या आतच डॉस उभं करतं आणि प्रिंट विंडोजच्या प्रिंटरला पाठवतं. प्रोग्राम आणि डेटा नशिबानं डी ड्राइव्हला होता. दुपारी पहिली पट्टी निघाली तर तोलाईचा आकडा हमालीच्या रकान्यात, दुसरी काढली तर त्याच्याही वर. छापील स्टेशनरी १२ इंचाची, आणि नव्या विंडोजनं डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला ए४ धरलेलं, ए४ म्हणजे ११.७ इंच. दर पट्टीला पाव इंचाहून जास्त सरकायचं, दहाव्या पट्टीला तर शेतकऱ्याचं नाव दुसऱ्याच्या पट्टीवर गेलं असतं. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन १२ इंचाचा नवा फॉर्म बनवला, प्रिंटरला तोच डिफॉल्ट लावला, तेव्हा कुठं बसलं. असल्या प्रिंटरवाल्यांनी हे एवढं लिहून ठेवा.

बरं, एवढी घाई कशाला चाललीय सगळ्यांची? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून. लोकांना वाटलं त्या दिवशी कंप्युटर बंदच पडणार. तसं काही नसतं, चालू राहतो, फक्त सिक्युरिटीचे अपडेट येणं थांबतं. ज्यांना लगेच बदलायचं नाही त्यांच्यासाठी घरगुती वापराला एक वर्षाची वाढीव मुदत ठेवलीय, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, ईएसयू म्हणतात त्याला. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या की फुकटात मिळते, नाहीतर ३० डॉलर. मशीनवर १० ची २२एच२ व्हर्जन पाहिजे, स्टार्टमध्ये winver टाइप करून बघता येतं. माझं म्हणणं, सीझन चालू असताना, नाहीतर पीकविम्याच्या शेवटच्या आठवड्यात विंडोजला हात लावूच नका, ही मुदत घ्या आणि निवांत वेळ बघून करा.

आता टीपीएमचं, म्हणजे कंप्युटरमधल्या सुरक्षेच्या चिपचं गाऱ्हाणं. "दिस पीसी डझन्ट मीट" असं आलं की लोक लगेच नवीन मशीन घ्यायला निघतात. विंडोज ११ ला टीपीएम २.०, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, एएमडीत साधारण रायझन २००० पासून पुढचा. प्रोसेसर बसत असला तर टीपीएम बहुतेक आत असतंच, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद असतं. इंटेलवाल्यात पीटीटी आणि एएमडीत एफटीपीएम या नावानं शोधा. ते चालू केलं की झालं.

पण इथंच दुसरी मोठी चूक होते. बायोसमध्ये गेलेच आहेत तर सिक्युअर बूटसाठी लेगसीचं, म्हणजे चालू होण्याच्या जुन्या पद्धतीचं, यूईएफआय ही नवी पद्धत करून टाकतात, आणि रिस्टार्ट केलं की बूट डिव्हाइस नॉट फाउंड. मग बोंबाबोंब, हार्ड डिस्क उडाली, डेटा गेला! काही गेलेलं नसतं. जुन्या डिस्कची मांडणी एमबीआर पद्धतीची असते आणि यूईएफआयला जीपीटी पद्धतीची लागते एवढंच. परत बायोसमध्ये जाऊन लेगसी करा, विंडोज उठेल, डेटा पेनड्राइव्हवर घ्या, मग एमबीआरटूजीपीटी नावाचं मायक्रोसॉफ्टचंच टूल विंडोजमध्ये असतं ते चालवा, आणि त्याच्यानंतर यूईएफआय करा. क्रम उलटा झाला की अडकलात.

आणि हे आपल्याकडचं खास, बायोसचा सेल. मदरबोर्डवर नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२. तो उतरलेला असला तर लाइट गेली की बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर आणि तारीख कुठल्याकुठं मागं जाते. आपल्याकडं लाइट दिवसातून किती येळा जाते ते काय सांगायचं. एका सेतू केंद्रावर गेलो होतो, तक्रार काय तर "नवीन विंडोज टाकल्यापास्नं रोज सकाळी कंप्युटर उठंना गेलंय आणि उठलं तर एकबी साइट उघडंना." नवीन विंडोजचा काही संबंध नव्हता. रात्री मेन स्विच बंद करून जायचे, सेल मेलेला, सकाळी यूईएफआयचं परत लेगसी झालेलं, आणि तारीख चुकीची असली की सरकारी काय कुठलीच सुरक्षित साइट उघडत नाही. तीस-चाळीस रुपयाचा सेल बदलला, मिटलं. त्यानं त्याआधी दोनदा विंडोज मारून घेतलं होतं पैसे देऊन.

लाइटचाच विषय निघाला म्हणून, अपग्रेड चालू असताना डेस्कटॉप कंप्युटर इन्व्हर्टरवर नाहीतर चांगल्या यूपीएसवर पाहिजे, पाच मिनिटं टिकणारा यूपीएस कामाचा नाही. लॅपटॉपचा चार्जर लावूनच.

बॅकअपचं सगळे सांगतात म्हणून मी थोडक्यात सांगतो, पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. लोक म्हणतात "माझं सगळं डी मध्ये है." नसतं! डेस्कटॉपवर ठेवलेलं, डाउनलोड्समधलं, डॉक्युमेंट्समधलं सगळं सी मध्ये असतं. आणि सी फॉरमॅट केलं की गेलं. फॉरमॅट न करता नुसतं अपग्रेड केलं असंल तर जुनं विंडोज दहा दिवसांपर्यंत ठेवलेलं असतं, सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्ये गो बॅक असतं तिथून परत येता येतं. अकराव्या दिवशी नाही. टॅलीवाल्यांनी डेटा फोल्डर तर घ्याच, पण मशीन फॉरमॅट करायचं असंल तर लायसन्स आधी सरेंडर करा, नाहीतर नंतर अ‍ॅक्टिवेट करताना बसा फोन लावत.

मराठी टायपिंगवाल्यांना सगळ्यात जास्त झटका बसतो. ग्रामपंचायतीचे ठराव, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, हे कितीतरी अजून श्रीलिपी, कृतिदेव नाहीतर सुरेख असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं. नवीन विंडोजवर फाइल उघडली की सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि ग्रामसेवक म्हणतो व्हायरस आला. व्हायरस नाही भाऊ, फॉन्ट नाही. जुन्या मशीनमधून सी, विंडोज, फॉन्ट्स हे फोल्डर आधी पेनड्राइव्हवर घ्या, नंतर ते फॉन्ट नव्यात टाका, मजकूर जसाच्या तसा दिसतो. मंगल फॉन्टचं वेगळंच है, तो युनिकोडचा, पण विंडोज १० पासूनच तो सगळ्या मशीनवर आपोआप नसतो. ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स नावाचं पॅकेज आहे त्यात येतो, किंवा भाषांमध्ये मराठी जोडली की येतो. आणि मराठी जोडताना फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे टाइप करायचा कीबोर्ड पण घ्या, इनस्क्रिप्ट हा नेहमीचा मराठी कीबोर्ड न येणाऱ्यांची सोय होते.

अंगठ्याचं मशीन, सहीचं डीएससी टोकन, जुना प्रिंटर, हे चालंना झालं की आधी ६४ बिटचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्या, जुन्या सीडीतला टाकू नका. तरी डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतोय आणि ड्रायव्हर लोड होत नाही म्हणतंय तर विंडोज सिक्युरिटीमध्ये कोअर आयसोलेशन बघा, तिथं मेमरी इंटिग्रिटी चालू असली की जुने ड्रायव्हर अडवले जातात. बरेच मेकॅनिक ती सरळ बंद करून निघून जातात. मला ते पटत नाही, ज्या मशीनवर लोकांचे आधार आणि बँकेची कामं होतात तिथं तरी आधी नवा ड्रायव्हर शोधा.

साइट फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालते असं कुणी म्हणलं तर विंडोज ११ मध्ये तो नाहीच, पण एजमध्ये आयई मोड आहे, डिफॉल्ट ब्राउझरच्या सेटिंगमध्ये चालू करता येतो.

लॅपटॉपवाल्यांनी हे वाचाच. नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, बिटलॉकर. एरवी कळतबी नाही. पण बायोस अपडेट केलं, टीपीएम क्लिअर केलं, की निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे कुलपाची किल्ली मागतं. ती की त्या अकाउंटमध्ये असते. आणि अकाउंट कुणाचं? एका गुरुजींच्या लॅपटॉपवर पोरानं स्वतःच्या जुन्या ईमेलनं अकाउंट केलं होतं, पोरगं पुण्याला कंपनीत, त्या ईमेलचा पासवर्ड विसरलेला, आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर बंद. तीन दिवस गुरुजी त्या निळ्या स्क्रीनसमोर. शेवटी पोराला त्याच्या जुन्या फोनमध्ये ते अकाउंट लॉगिन असलेलं सापडलं म्हणून वाचले. आजच त्या अकाउंटमध्ये जाऊन की कागदावर उतरवा, आणि कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका बरं का.

आणि ज्यांचं मशीन बसतच नाही त्यांनी जबरदस्ती करायची का? रूफस वगैरे पेनड्राइव्ह बनवायच्या टूलनं अटी वगळून ११ टाकता येतं, टाकतात लोक. पण त्याला मायक्रोसॉफ्टची काही हमी नाही, आणि कोअर टू ड्युओ असंल तर २४एच२ पासून पुढचं ११ उठतच नाही, त्या प्रोसेसरला पॉपकाउंट नावाची आज्ञाच कळत नाही. तिथं विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टिम टाका, ब्राउझर आणि टायपिंगपुरतं झकास चालतं. बाकी मशीन बसतंय पण जुनीच फिरणारी हार्ड डिस्क आहे असं असंल तर ११ च्या आधी एसएसडी टाका, नाहीतर चालू करून चहा पिऊन यावं लागंल. आणि चालू, अ‍ॅक्टिवेट असलेल्या १० वरून ११ फुकट आहे, लायसन्स की विकत घ्यायची गरज नाही, क्रॅक तर नकोच.

आप्पांकडं परत गेलो होतो महिन्यानं. जुन्या स्टोअरमधला एक कंप्युटर कोपऱ्यात लावलाय, ३२ बिटचं १० टाकलेला, नेटची वायर काढलेली, मागच्या वर्षांची खाती बघायला. वर मुनीमजींनी पांढऱ्या पट्टीवर मार्करनं लिहिलंय, याला हात लावू नये. पुतण्या म्हणाला, "माझ्यासाठीच लिवलंय ते."