साधं, आनंदी गाणं बसवताना या चुका टाळा

शाळेचं स्नेहसंमेलन असो, सोसायटीचा गणपती असो की सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरातला हौशी कार्यक्रम. ‘सोपंच तर आहे’ म्हणून घेतलेलं गाणं ऐनवेळी अंतऱ्यात फसतं. दोष बहुधा गळ्याचा नसतो, पट्टी, म्हणजे ‘सा’ धरायचा सूर, चुकलेली असते.

ध्रुवपदावरून पट्टी ठरवू नका

ध्रुवपद बहुतेकदा मधल्या सुरांत फिरतं, अंतरा वर चढतो. म्हणून आधी अंतऱ्यातली सगळ्यात उंच ओळ गाऊन पाहा. हनुवटी वर गेली, मानेच्या शिरा ताठल्या, आवाज चिरकला, की अर्ध्या-अर्ध्या सुरानं खाली या: पेटीवर काळी दोनवरून पांढरी दोन, मग काळी एक. आता सगळ्यात खालची ओळ तपासा. तिथं शब्द पुटपुटल्यासारखे यायला लागले तर जरा जास्तच उतरलात. गायिकेनं काळी चारमध्ये गायलेलं गाणं पुरुषानं मूळ रेकॉर्डबरोबर घोकणं तर सरळ चूक: वरच्या सप्तकात ओढाताण होते, खालच्या सप्तकात आवाज विरतो. बऱ्याच कराओके ॲपमध्ये पट्टी बदलता येते, ती बदला. ठरलेली पट्टी वहीत लिहा आणि पेटीवाल्याला आधीच सांगा. स्टेजवर कुजबुजून सांगायची ती गोष्ट नव्हे.

लय पळते ती ओळीच्या शेवटी

अशी गाणी बहुधा आठ मात्रांच्या केरवा तालात असतात. ओळीचं शेवटचं अक्षर दोन-तीन मात्रा धरायचं असतं. उत्साहाच्या भरात ते आखूड होतं, पुढची ओळ आधीच सुरू होते आणि तबलजी आपल्यामागे धावतो. उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. मूळ लय मिनिटाला 120 मात्रांची असेल तर तबल्याच्या ॲपवर 80 लावा. मांडीवर टाळी देत गा आणि ओळ संपली की उरलेल्या मात्रा मोठ्यानं मोजा, ‘सात, आठ’. दोनदा बिनचूक जमलं की पाच-पाचनं लय वाढवा.

काही गाण्यांचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) सुरू होत नाही, एक-दोन मात्रा आधी उठतो. सम कोणत्या अक्षरावर पडते ते शोधून त्याखाली रेघ मारा. श्वासाच्या जागांवर स्वल्पविराम द्या. शब्दाच्या मधे कधीच नाही.

आनंद म्हणजे ओरडणं नव्हे

समेच्या अक्षराला थोडं वजन, बाकीची अक्षरं हलकी आणि सुटी. गाणं आपोआप हसरं होतं. ओठांचे कोपरे किंचित वर ठेवा, पण फार ताणलेत तर ‘आ’चा ‘ॲ’ होतो. घरी कानडी बोलणाऱ्या मुलांकडून ‘चांदणं’ आणि ‘चार’मधले दोन वेगळे ‘च’ म्हणून घ्या, जलद लयीत तो फरक पहिला जातो. माईक तोंडापासून चार बोटं.

आपल्याकडचा एप्रिल-मे चाळिशी ओलांडतो, घसा कोरडा पडतो. बर्फ घातलेला उसाचा रस गाऊन झाल्यावर प्या, आधी साधं पाणी घोट-घोट. शेंगाचटणी आणि कडक भाकरीही नंतरच: तिखट आणि कोरडा भुगा घशात अडकला की तानपुरा लागेपर्यंत नुसतं खाकरणंच होतं.

ओळ विसरलात तर थांबू नका, चेहरा पाडू नका. टाळी चालू ठेवून पुढच्या समेचा अंदाज घ्या आणि ध्रुवपद उचला. साथीदार तिथं येऊन मिळतात.