मे महिन्यात स्वेटर : इंदूरहून कुमाऊंतल्या मित्राच्या गावी जाताना

इंदूरला मे महिन्यात पारा चाळिशीला टेकलेला असतो, तेव्हा ट्रंकेतून स्वेटर काढायचं कुणाला सुचत नाही. उत्तराखंडच्या कुमाऊं डोंगरांत, मुक्तेश्वर-रामगढकडे मित्राच्या घरी जाणारे पहिली चूक करतात ती इथेच. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटरवर, मुक्तेश्वर जवळपास 2,290 मीटरवर. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंडावते. म्हणजे आपल्याकडची 24-25 अंशांची रात्र तिथे 13-14 अंशांची. हे झालं कोरड्या दिवसाचं. दुपारनंतर ढग भरून गारा पडल्या, की याहूनही खाली.

एका जाड स्वेटरपेक्षा पातळ दोन बरे, कारण दुपारी उन्हात एक काढावा लागतो. माणशी दोन पातळ स्वेटर, टोपीचं वारा अडवणारं एक जाकीट, लोकरी मोज्यांचे तीन जोड आणि कानटोपी एवढं पुरे. जीन्स नकोच. एकदा भिजली की ढगाळ हवेत दोन-दोन दिवस वाळत नाही. आणि थंडी आहे म्हणून ऊन सौम्य समजू नका. उंचावर अतिनील किरण जास्त लागतात. गार वाऱ्यात कातडी भाजतेय हे कळत नाही, संध्याकाळी नाक लाल झाल्यावर कळतं.

इंदूरहून दिल्ली, दिल्लीहून रेल्वेने काठगोदाम, तिथून भीमताल-भवालीमार्गे जीप. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्या सकाळीच बसा. तारखा ठरवताना 15 जून मात्र टाळा. त्या दिवशी भवालीजवळच्या कैंची धामचा, म्हणजे नीमकरोली बाबांच्या आश्रमाचा, स्थापना दिवस असतो, आदल्या दिवसापासून घाटात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. वळणांवर उलटी होणाऱ्याला पुढच्या सीटवर बसवा. रिकाम्या पोटी नाही, आणि कचोरी खाऊनही नाही. दोन बिस्किटं आणि घोटभर पाणी. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, गाडी सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नसतो.

भेट काय न्यायची? शेव आणि जीरावन, म्हणजे आपला पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, डोळे मिटून न्या. हवेचा दाब कमी झाल्याने शेवेची पाकिटं वर फुगतात, घाबरू नका, माल खराब झालेला नसतो. पण ठासून भरलेल्या बॅगेत ती फुटतात, म्हणून डब्यात. श्रीखंड दोन दिवसांच्या प्रवासात टिकणार नाही. आंबे न्यायचे तर पिकायला आलेले न्या. कच्चे नेलेत तर त्या गारठ्यात ते पिकत नाहीत, नुसते सुरकुततात, आणि पाहुणे परतल्यावर यजमानाच्या घरी आंबट आंबे उरतात.

‘एक दिवस आमचा स्वयंपाक’ असं म्हणून मराठी पाहुणा फसतो तो बहुधा पुरणावर. एवढ्या उंचीवर पाणी साधारण 92-93 अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात हरभऱ्याची डाळ तासन्‌तास बोटचेपी होत नाही. डाळ रात्रीच भिजवा, कुकर लावा, आणि घरी तीन शिट्ट्या घेत असाल तर तिथे पाच घ्या. कुकरच्या आतही तापमान इथल्यापेक्षा थोडं कमीच राहतं. आंबोळ्यांचं पीठ एका रात्रीत फुगेल ही आशा सोडा. दह्याला विरजण नेहमीपेक्षा जास्त घालून भांडं घोंगडीत गुंडाळून चुलीशेजारी ठेवलं तर लागतं. पोहे मात्र बिनघोर होतात, म्हणून पहिला बेत त्यांचाच.

रात्री गारठा लागतो तो खालून. दोन रजया अंगावर घेण्याऐवजी एक अंथरा, एक पांघरा. निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवून दार-खिडक्या बंद करून झोपू नका, कधीच नाही. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो. हात शेकून झाले की शेगडी बाहेर.

मे-जूनमध्ये नौले आणि धारे, म्हणजे तिथले झरे, आटत आलेले असतात. घरी नळ आहे म्हणजे पाणी आहे असं नाही. कमी आहे हे यजमान तोंडाने सांगणार नाहीत, तुम्हीच पहिल्या दिवशी विचारा. माणशी एक बादली, आणि अंघोळ दुपारी, ऊन असताना. कचऱ्याबाबत इंदूरकराची सवय तिथे नडते: दारात सकाळी गाणं वाजवत गाडी येणार नाही. ओला कचरा घरच्यांना विचारून खतात, प्लास्टिक मात्र पिशवीत भरून परत आणा. देशात स्वच्छतेचा पहिला नंबर मिरवणाऱ्यांना एवढं जड जाऊ नये.

मित्राच्या आईला ‘ईजा’, आजीला ‘आमा’, थोरल्या भावाला ‘दाज्यू’ म्हणा. अंधार पडल्यावर मुलांना अंगणाबाहेर एकटं सोडू नका, बिबट्या गावाच्या कडेपर्यंत येतो. चिडाच्या, म्हणजे पाइनच्या जंगलात काडी ओढू नका. वाळलेली पानं, तिथलं ‘पिरूल’, मे महिन्यात भडकन पेटतं. काफळ, म्हणजे तिथली लाल रानफळं, मिळाली तर मीठ-तिखट लावून खा.

एक दिवस मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेकडे फिरून या. तिची मूळ प्रयोगशाळा 1889 मध्ये पुण्यात सुरू झाली आणि 1893 मध्ये इथे हलवली. गुरांच्या रोगांचे जंतू वस्तीपासून दूर आणि गार हवेत हाताळायचे होते. जाकीट बरोबर घ्या. दुपारी चारनंतर तिथला वारा बोचतो.