पोरं वयात येताना घरात काय, कधी आणि कसं बोलायचं

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी आशाचं काम करते. "ताई, तुम्हीच सांगा ना पोरीले," असं माय म्हणते. मी सांगतेच, पण पहिले घरातून कळलेलं पोरांच्या जास्त मनात बसते.

तीन-चार वर्षांच्या लेकराला आंघोळ घालताना नाक, कान शिकवता, तसंच शिश्न, योनी हेही शिकवा. कोणी नको तिथं हात लावला, तर त्याला नीट सांगता आलं पाहिजे.

गोठ्यात शेळी व्याली की "पिल्लू पोटात गेलं कसं?" हा प्रश्न येतोच. रागावू नका. बोकडाचं आणि शेळीचं बीज मिळून गर्भाशयात पिल्लू वाढते, माणसाचंही तसंच, एवढं सहा-सात वर्षांच्या पोराला पुरते.

पोरगी नऊची झाली की पाळीचं बोला. छाती वाढायला लागल्यावर साधारण दोन-तीन वर्षांत पाळी येते. पहिली एक-दोन वर्षं ती मागंपुढं होते, त्यात घाबरण्यासारखं नाही. कापड वापरत असाल तर सुती घ्या, साबणानं धुवा आणि उन्हात वाळवा. लुगड्याखाली लपवून ओलं राहिलेलं कापड अंगाला लावू नका. कापूस वेचायला जाताना पोरीच्या पिशवीत जास्तीची घडी ठेवा. चार-सहा तासांनी बदललंच पाहिजे.

पोराशी मात्र कोणीच बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटते. आवाज फुटतो, मिशी येते, झोपेत वीर्य जाते. मग बसस्टँडच्या भिंतीवरची 'गुप्तरोगा'ची जाहिरात वाचून पोट्टं मनातच खचते. बापानं वेचणीला शेजारच्या ओळीत असताना विषय काढावा. हात बोंडावर, डोळे झाडावर. समोरासमोरची लाज वाटत नाही. "हे मलाही झालं होतं, यानं कमजोरी येत नाही," एवढं बोला. मग हेही सांगा, की पहिल्याच संबंधातही दिवस जाऊ शकतात, आणि अठराच्या आतल्या मुलीशी संबंध हा तिच्या मर्जीनं असला तरी कायद्यानं गुन्हा आहे.

लेकरानं कोणाबद्दल काही सांगितलं, तर "तू तिथं गेलीच कशाला?" हे तोंडातून काढू नका. आधी विश्वास ठेवा, मग 1098 या लेकरांच्या मदतीच्या नंबरवर फोन करा. तो फुकट लागतो. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा 2012 चा पॉक्सो कायदा पोरींसारखाच पोरांसाठीही आहे.