उन्हाळ्यात तग धरेल आणि वीज गेली तरी सावरेल असा घरगुती साठवण-सर्व्हर कसा उभारावा

घरातील तीन-चार मोबाइल, एखादा लॅपटॉप आणि कपाटातील पेन ड्राइव्ह यांमध्ये छायाचित्रे, सातबारा आणि फेरफाराच्या प्रती, कापूस विकल्याच्या पावत्या, लग्नांचे व्हिडिओ आणि गावातील भजनी मंडळाची ध्वनिमुद्रणे विखुरलेली असतात. हे सर्व एका जागी आणून घरातील प्रत्येकाला आपापल्या मोबाइलवर पाहता यावे, एवढे काम रास्पबेरी पायसारखा, एटीएम कार्डाएवढा सिंगल बोर्ड संगणक आणि एक यूएसबी हार्ड डिस्क उत्तम रीतीने करू शकतात. एकदा उभारणी झाली की या सर्व्हरला इंटरनेट लागत नाही, कारण फाइलींची ये-जा घरातील राउटरपुरतीच असते. चार दिवस नेट बंद असले तरी फोटो उघडतात.

आमचे घर वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातील एका खेड्यात आहे. तेथे हा सर्व्हर चालवताना माझी ठाम समजूत झाली आहे की सॉफ्टवेअर हा यातला सोपा भाग आहे. आपल्या भागात सर्व्हर बिघडतो तो विजेमुळे आणि उन्हामुळे, म्हणून पैसा आणि लक्ष आधी तिकडे द्यावे.

साहित्य

रास्पबेरी पाय ४ हे मॉडेल या कामाला पुरेसे आहे आणि २ जीबी रॅमचा बोर्ड घेतला तरी चालतो. जुने पाय ३ कोणी फुकट दिले तरी या कामासाठी वापरू नये, कारण त्यात यूएसबी ३ ही वेगवान जोडणी नाही आणि नेटवर्कचा व डिस्कचा भार एकाच संथ यूएसबी मार्गावर पडतो. त्याशिवाय ३२ जीबीचे चांगल्या प्रतीचे मायक्रो एसडी कार्ड, राउटरपर्यंत पोहोचेल एवढी नेटवर्क केबल, पंखा नसलेली धातूची पेटी आणि दोन डिस्क (एक रोजच्या वापराची, दुसरी प्रत ठेवण्यासाठी) घ्याव्यात. एक फोटो सरासरी ४ एमबीचा धरला तर १ टीबीच्या डिस्कवर सुमारे अडीच लाख फोटो मावतात, त्यामुळे मोठ्या डिस्कच्या मोहात न पडता मध्यम आकाराच्या दोन घेणे अधिक शहाणपणाचे आहे. ऐपत असेल तर मुख्य डिस्क एसएसडी घ्यावी. तिला वीज कमी लागते आणि तिच्यात फिरणारा भाग नसतो. नागपूरला सीताबर्डीत जाणे होणार असेल तर हे सगळे एकाच फेरीत आणता येते.

वीज

पाय ४ ला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा, शक्यतो त्याच कंपनीचा पुरवठा द्यावा. पाय ५ साठी ५ अँपिअरचा पुरवठा लागतो. त्याला ३ अँपिअरचा दिला तर यूएसबीच्या सर्व जोडण्यांना मिळून केवळ ६०० मिलिअँपिअर मिळतात आणि फिरणारी डिस्क तेवढ्यावर नीट चालत नाही. पाय ४ चे चारही यूएसबी मिळून १.२ अँपिअर देतात, म्हणजे एका पोर्टेबल डिस्कपुरते; दोन डिस्क कायम जोडायच्या असतील तर स्वतःचा ॲडॉप्टर असलेला यूएसबी हब घ्यावा लागतो.

मी पहिल्या वर्षी घरातला मोबाइलचा चार्जर लावला होता. बोर्ड सुरू होत असे, फाइलीही दिसत असत. पण मोठी फाइल टाकू लागलो की डिस्कमधून ठरावीक अंतराने ‘टक्’ असा आवाज येई, क्षणभर तिची घरघर थांबे आणि पुन्हा सुरू होई. त्याच वेळी बोर्डावरचा लाल दिवा विझून पुन्हा लागत असे. पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्याची ती खूण असते, हे मला ठाऊक नव्हते. पंधरा दिवसांत डिस्कवरची काही फोल्डरे उघडेनाशी झाली आणि वडिलांनी खंजिरीवर म्हटलेल्या भजनांची दोन ध्वनिमुद्रणे त्यात कायमची गेली. लाल दिवा स्थिर राहत नसेल तर एकही फाइल ठेवू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो ते यामुळेच.

बोर्ड आणि राउटर दोन्ही घराच्या इन्व्हर्टरवर घ्यावेत आणि इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूचे बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवावे. साध्या मोडमध्ये वीज बदलताना लागणाऱ्या क्षणात बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. भार फारसा नसतो. बोर्ड आणि डिस्क मिळून १० वॅट धरले तर दिवसाला पाव युनिटाहून कमी, म्हणजे महिन्याला सुमारे सात युनिट वीज लागते. वीज फार वेळ गेली आणि बॅटरी उतरू लागली, तर ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या सर्व्हरच्या पानावरून (ते पुढे येते) त्याला रीतसर बंद करावे आणि बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबल्यावरच बटण बंद करावे. मृगाच्या आधीच्या वादळांत विजा कडाडू लागल्या की बोर्डाचा प्लग आणि नेटवर्क केबल ही दोन्ही काढून ठेवावीत. नुसता प्लग काढून उपयोग नाही, कारण विजेचा जादा दाब राउटरच्या बाजूनेही येतो.

जागा

मे महिन्यात आपल्याकडे बाहेरचे तापमान ४५ अंशांवर जाते. पाय ४ चा प्रोसेसर ८० अंशांना पोहोचला की आपणहून वेग कमी करतो, त्यामुळे बोर्ड जळण्याची भीती कमी असते. डिस्कला मात्र असा बचाव नसतो आणि सतत तापलेली डिस्क लवकर खराब होते. टिनाच्या छपराखालची खोली, कपाटाचा माथा आणि पश्चिमेची भिंत टाळावी. जुन्या घराच्या जाड मातीच्या भिंतीतला आतल्या बाजूचा कोनाडा सर्वांत चांगला. आमचा सर्व्हर सपरीच्या आत, जुन्या दिव्याच्या कोनाड्यात आहे. कूलरसमोर ठेवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो, पण त्या हवेत पाण्याचा अंश असतो आणि काही आठवड्यांत जोडण्यांवर हिरवट गंज दिसू लागतो. ज्या खोलीत कापूस साठवला जातो तेथेही तो ठेवू नये, कारण बारीक तंतू पंख्यात अडकतात. बिनपंख्याची पेटी सुचवली ती याच कारणाने. पेटीची भोके बारीक असावीत. उबेला पाली येऊन बसतात.

कार्ड तयार करणे

लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर हा कार्डावर प्रणाली लिहिणारा प्रोग्राम उतरवून घ्यावा आणि त्यातून रास्पबेरी पाय ओएस या बोर्डाच्या कार्यप्रणालीची ‘लाइट’, ६४ बिट आवृत्ती कार्डावर लिहावी. लिहिण्याआधी सेटिंगमध्ये सर्व्हरचे नाव, वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड द्यावा आणि एसएसएच, म्हणजे लॅपटॉपवरून बोर्डाला आदेश देण्याची सोय, सुरू करावे. येथे एक गोष्ट तपासावी: फोल्डरे आणि वापरकर्ते सांभाळण्यासाठी आपण जे ओपनमीडियाव्हॉल्ट हे सॉफ्टवेअर बसवणार आहोत, त्याची प्रत्येक आवृत्ती डेबियनच्या (रास्पबेरी पाय ओएस ज्या लिनक्स प्रणालीवर आधारलेली आहे तिच्या) ठरावीक आवृत्तीवरच चालते. आवृत्ती ७ ला डेबियन १२, म्हणजे बुकवर्म लागते.

कार्ड बोर्डात घालून, नेटवर्क केबल राउटरला जोडून वीज द्यावी. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांच्या यादीत बोर्डाचा पत्ता (आकड्यांचा आयपी पत्ता) दिसतो. त्याच पानावर तो पत्ता बोर्डासाठी कायमचा राखून ठेवावा, नाहीतर पुढे वीज गेल्यावर पत्ता बदलतो आणि घरातील सगळे ‘फोटो गेले’ म्हणून घाबरतात. मग लॅपटॉपच्या पॉवरशेलमधून (विंडोजमधली आदेश लिहिण्याची खिडकी) एसएसएचने बोर्डात शिरावे. पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही. ते तसेच असते, लिहीत राहावे. प्रथम प्रणाली अद्ययावत करून नंतर ओपनमीडियाव्हॉल्टच्या मार्गदर्शिकेत दिलेला एका ओळीचा स्थापनेचा आदेश जसाच्या तसा चिकटवावा. या कामाला अर्धा तास किंवा जास्त लागतो आणि नेट अखंड हवे, म्हणून ते पहाटे करावे.

डिस्क आणि फोल्डर

बोर्ड पुन्हा सुरू झाल्यावर ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकावा. सुरुवातीचे नाव ‘ॲडमिन’ आणि पासवर्ड ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’ हाच शब्द इंग्रजी लहान अक्षरांत असतो. तो सर्वांत आधी बदलावा. डिस्क निळ्या रंगाच्या यूएसबी ३ जोडणीत लावून ती ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट करावी. यात डिस्कवरचे सर्व काही पुसले जाते, तेव्हा तिच्यावर आधीचे काही असल्यास ते दुसरीकडे काढून घ्यावे. त्यानंतर डिस्क माउंट करावी, म्हणजे वापरासाठी प्रणालीला जोडावी, ‘फोटो’, ‘कागदपत्रे’, ‘भजने’ अशी सामायिक फोल्डरे करावीत आणि घरातील प्रत्येकासाठी वेगळा वापरकर्ता तयार करावा. कागदपत्रांचे फोल्डर मुलांना फक्त वाचता यावे, बदलता येऊ नये, अशी परवानगी द्यावी. शेवटी नेटवर्कवरून फोल्डरे दाखवणारी एसएमबी सेवा सुरू करून ही फोल्डरे तिच्यात जोडावीत. प्रत्येक बदलानंतर वर पिवळी पट्टी येते. तिच्यावरची बरोबरची खूण दाबल्याशिवाय बदल लागू होत नाही.

विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये पत्त्याच्या जागी दोन उलट्या तिरक्या रेषा देऊन बोर्डाचा पत्ता लिहिला की फोल्डरे दिसतात. अँड्रॉइडवर सीएक्स फाइल एक्सप्लोररसारखे ॲप चालते. राउटरची जोडणी १०० एमबीपीएसची असेल तर वेग सेकंदाला १२ एमबीच्या आसपास थांबतो, म्हणजे ४ जीबीच्या लग्नाच्या व्हिडिओला पाच-सहा मिनिटे लागतात. घरगुती वापराला ते पुरते. बाहेरगावाहून फाइली पाहता याव्यात म्हणून राउटरमधले पोर्ट (इंटरनेटवरून आत येण्याच्या वाटा) मात्र उघडू नयेत. तसे केल्यास सर्व्हर साऱ्या जगाला दिसतो.

दुसरी प्रत

दोन डिस्क जोडून रेड करावी, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिले जावे, असे काही जण सुचवतात. यूएसबी डिस्कवर ते भरवशाचे नाही, आणि चुकून पुसलेली फाइल रेडमध्ये दोन्हीकडून एकदम जाते. त्याऐवजी दुसरी डिस्क महिन्यातून एकदा जोडून आरसिंक या प्रत काढणाऱ्या साधनाच्या साहाय्याने प्रत काढावी आणि मग ती सोडवून वेगळ्या घरी ठेवावी. आमची दुसरी डिस्क बहिणीच्या गावी पुलगावला असते आणि येण्याजाण्यात बदलली जाते. आरसिंकमध्ये मूळ ठिकाणी नसलेल्या फाइली प्रतीतूनही पुसण्याचा पर्याय असतो. तो बंद ठेवावा.

प्रत काढून झाली की डिस्क सोडवण्याआधी तिच्यावरचे एखादे भजन प्रत्यक्ष सुरू करून शेवटपर्यंत ऐकावे, आणि एक सातबारा उघडून त्यावरचा गट क्रमांक वाचता येतो का ते पाहावे.