घरी जोडलेला पीसी सुरूच होत नाही? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

सगळं जोडून झालं, बटण दाबलं आणि काहीच घडलं नाही, की पहिला संशय मदरबोर्डवर जातो आणि दुसरा दुकानदारावर. बहुतेक वेळा दोघंही निर्दोष असतात. खराब पार्ट निघतच नाही असं नाही, पण त्याच्या आधी अर्धवट बसलेली रॅम, विसरलेली प्रोसेसरची आठ पिनांची केबल आणि चुकीच्या पोर्टात खुपसलेली मॉनिटरची वायर यांचा नंबर लागतो. सोलापुरातून एक बोर्ड बदलून आणायला हुतात्मा एक्सप्रेस धरून पुण्याची तापकीर गल्ली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, गाठायची म्हणजे अख्खा दिवस गेला. त्याआधी घरच्या टेबलावर तासभर घालवलेला परवडतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एका दमात तीन गोष्टी बदलणं. रॅम काढून लावली, केबल बदलली, बायोसचा (बोर्डातल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमचा) सेलही काढला आणि मशीन सुरू झालं, तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही आणि आठवड्याने तोच तमाशा पुन्हा होतो. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलाआधी भिंतीवरचं बटण बंद करा.

दुसरं म्हणजे "चालू होत नाही" या एका वाक्यात चार वेगळे आजार असतात. पंखा, दिवा काहीच हलत नसेल तर वीज, एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज देणारा डबा) किंवा बटण बघायचं. पंखे फिरतात पण स्क्रीन काळी असेल तर रॅम, प्रोसेसरची केबल, ग्राफिक्स आणि बायोस. दोन सेकंद चालून बंद पडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा कूलर नीट बसलेला नाही. बायोस दिसतो आणि विंडोज येत नाही, तर तुमची जोडणी जवळजवळ बरोबर आहे, निम्मी लढाई जिंकलात.

काहीच हलत नाही

सुरुवात भिंतीपासून करा. त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. मग एक्स्टेन्शन बोर्ड मधून काढून पीसी थेट भिंतीला लावा. एसएमपीएसच्या मागे छोटा स्विच असतो, तो उभ्या रेघेकडे दाबलेला हवा, गोलाकडे नाही. हसू येईल, पण हा स्विच विसरून मशीन दुकानात नेणारे कमी नाहीत.

आता मदरबोर्डवर एखादा दिवा लागलाय का बघा. बऱ्याच बोर्डांवर मशीन बंद असतानाही एक दिवा जळतो, कारण एसएमपीएस ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालू ठेवतो. दिवा आहे पण बटणाने काही होत नाही, तर संशय कॅबिनेटच्या बटणावर. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात फ्रंट पॅनेलच्या नऊ पिना असतात: एका ओळीत पाच, दुसऱ्या ओळीत चार. बहुतेक बोर्डांवर चार पिनांच्या ओळीतल्या, रिकाम्या जागेकडच्या शेवटच्या दोन पिना पॉवर बटणाच्या असतात. तरी मॅन्युअलमधली आकृती एकदा बघाच. कॅबिनेटची वायर काढून त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक सेकंदभर टेकवा. मशीन धडधडलं तर बोर्ड आणि एसएमपीएस ठीक आहेत, वायर एक घर सरकून लागली होती किंवा बटण गेलंय. बटण गेलं असेल तर रीसेटची वायर त्या पिनांवर लावा, काम भागतं. बटणाच्या वायरीला उलटसुलट नसतं, दिव्यांच्या वायरींना असतं.

बोर्डावर दिवाच नसेल तर एसएमपीएस एकटा तपासा. सगळ्या केबल बोर्डातून काढा, फक्त एक कॅबिनेटचा पंखा एसएमपीएसला जोडलेला ठेवा. भिंतीवरचं बटण बंद ठेवून २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि तिच्या शेजारची काळी, या दोन घरांत यू आकारात वाकवलेली कागदाची क्लिप घाला आणि मगच बटण चालू करा. हल्ली सगळ्याच वायरी काळ्या येतात. तेव्हा पिनांच्या आकृतीवरून १६ क्रमांक शोधा, त्याच्या दोन्ही बाजूंची १५ आणि १७ ही घरं ग्राउंडची आहेत. पंखा फिरला तर एसएमपीएसला जीव आहे. पण एवढ्यावर त्याला पास करू नका, रिकामा चालणारा एसएमपीएस लोड आल्यावर मान टाकू शकतो. मल्टिमीटर असेल तर १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६ च्या आतलं रीडिंग हवं. एसएमपीएसचं झाकण मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर जोरदार झटका देतात.

मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) एसएमपीएस असेल तर आणखी एक: जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला लावायच्या नाहीत. बोर्डाकडचं टोक सारखं असलं तरी एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येक कंपनीची वेगळी. केबल बसते व्यवस्थित, आणि हार्ड डिस्क जळते.

अर्थिंग आणि इन्व्हर्टर

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर त्याला "थोडा करंट मारतो" म्हणून सोडून देऊ नका. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे अर्थिंग नसलेल्या मशीनच्या पत्र्यावर घरच्या विजेच्या साधारण निम्मा व्होल्टेज येतो. तो माणसाला सहसा मारत नाही, पण पेन ड्राइव्ह किंवा एचडीएमआय केबल लावताना पोर्ट जाऊ शकतात. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल यांच्यात साधारण २३० व्होल्ट मिळतात. फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्ट यायला हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये तीस-चाळीस व्होल्ट दिसले तर वायरमनला बोलवा. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि पावसाळ्यात बरोबर चालणारी अर्थिंग एप्रिलमध्ये नावापुरती उरते. खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायची जुनी सवय चांगली होती.

घरात स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर चांगले एसएमपीएस त्यावर कुरकुरतात, मशीन अचानक बंद पडतं. अशा वेळी आधी थेट लाइटवर चालवून बघा, मग दोष कुणाचा ते ठरवा.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी

पहिली चूक मागच्या बाजूला सापडते. ग्राफिक्स कार्ड आहे आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या पोर्टात आहे. केबल कार्डाच्या पोर्टात हवी, म्हणजे खालच्या आडव्या पट्टीत. उलटंही घडतं: कार्ड घेतलेलंच नाही आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर कार्डाशिवाय चित्र येणारच नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नसतं, ५६००जी मध्ये असतं. एका अक्षराचा फरक, पण बिल भरून घरी आल्यावर तो कळला तर जीव चुकचुकतो.

मग प्रोसेसरची वीज. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आठ पिनांचं सॉकेट असतं, कॅबिनेटच्या आतून हात घालणं अवघड म्हणून तेच राहून जातं. त्यात ४+४ असं दुभंगणारं, सीपीयू लिहिलेलं टोक जातं. ग्राफिक्स कार्डाचं टोक ६+२ असं दुभंगतं. दोघांची खाच वेगळी असते, म्हणून एखादं टोक जोर लावूनच जात असेल तर तिथेच थांबा.

रॅमबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. दोन पट्ट्या असतील तर चार स्लॉटच्या बोर्डावर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ए२ आणि बी२ मध्ये लागतात. एकच पट्टी असेल तर ए२ मध्ये. खाच जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्याने सरळ दाबा, टक् असा आवाज येईपर्यंत. एकाच बाजूला कडी असलेल्या बोर्डांवर दुसरी बाजू आत गेली नाही हे पटकन दिसत नाही, म्हणून बाजूने वाकून बघा: पट्टीचे सोनेरी संपर्क किंचितही बाहेर दिसता कामा नयेत. जुनी पट्टी असेल तर संपर्क पांढऱ्या खोडरबरने हलकेच घासा, भुसा झटका आणि मगच लावा. दोन पट्ट्यांवर चालत नसेल तर एक काढून आळीपाळीने दोन्ही तपासा.

डीडीआर५, म्हणजे नव्या पिढीची रॅम असलेल्या मशीनवर मात्र धीर धरा. पहिल्यांदा चालू केल्यावर बोर्ड रॅमची जुळवणी करत बसतो. स्क्रीन काळी राहते, मशीन आपणहून एक-दोनदा बंद-चालूही होऊ शकतं, आणि हे काही मिनिटं चालतं. त्या वेळात बटण दाबत राहिलात तर जुळवणी पहिल्यापासून सुरू. चहा ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं मशीनला हात लावू नका. बायोसचा सेल काढला किंवा रॅम बदलली तरी हेच पुन्हा होतं.

बोर्डावर सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे चार छोटे दिवे असतील तर अंदाजाने काम करू नका. जो दिवा जळून राहतो, तिथे बोर्ड अडकलाय. सीपीयूचा दिवा आणि बाकी सगळं बरोबर, तर बायोस जुना असण्याची शक्यता मोठी. दुकानात पडून राहिलेल्या बी४५० बोर्डाला रायझन ५००० किंवा बी६६० बोर्डाला तेराव्या पिढीचा इंटेल ओळखता येत नाही, बायोस नवा लागतो. बोर्डाच्या मागे फ्लॅशबॅकचं (पेन ड्राइव्हवरून बायोस भरायचं) बटण असेल तर हे काम प्रोसेसरशिवायही होतं. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसंच ठेवा आणि पेन ड्राइव्ह ठरलेल्या पोर्टात लावा. मध्येच लाइट गेली तर बोर्डाचा बायोस अर्धवट राहतो, म्हणून यूपीएसशिवाय हे करू नका.

सेल काढून बायोस रीसेट करायचा असेल तर आधी प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा आणि सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. प्लग लावलेला असताना सेल काढण्याने काहीच साधत नाही.

सुरू होऊन लगेच बंद

बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खांब, मोजा. जितकी भोकं, तितकेच स्टँडऑफ, आणि तेही भोकांच्या बरोबर खाली. एखादा जास्तीचा उरला तर तो बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकून शॉर्ट करतो. कूलरच्या तळाची प्लास्टिकची पट्टी काढायची राहिलीय का, चारही पिना बोर्डाच्या मागून बाहेर आल्यात का आणि पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवर आहे का, हे तिन्ही बघा.

तरीही शंका असेल तर सगळं कॅबिनेटबाहेर काढा. बोर्डाच्या खोक्यावर बोर्ड ठेवा, सोबत फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तरच कार्ड लावा. बोर्ड ज्या चकचकीत पिशवीतून येतो तिच्यावर ठेवून चालू करू नका, बाहेरून ती वीज वाहू शकते. सोलापुरी चादरीवर तर बिलकूल नको. सुती असल्यामुळे स्थिर वीज फारशी होत नाही, पण तिचं तूस सॉकेटच्या पिनांत अडकतं. अशोक चौकाकडे, यंत्रमागाच्या आसपास राहणाऱ्यांच्या पंख्यांत आणि रॅमच्या स्लॉटमध्ये तर हे तूस आपोआपच येऊन बसतं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. बाहेर चालू झालं तर एकेक पार्ट वाढवत जा. ज्यावर बंद पडेल तो आरोपी.

बाहेरही चालत नसेल तर प्रोसेसर काढून सॉकेटमध्ये मोबाइलच्या फ्लॅशने तिरका उजेड पाडा. सगळ्या पिना एका दिशेने चमकायला हव्यात, वाकलेली पिन वेगळी उठून दिसते. ती सरळ करायला सुई घालू नका. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, तिथे कूलर सरळ ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो. मशीन चालू होत असेल तर आधी थोडं गरम करून बंद करा, आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा.

सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण मात्र कचऱ्यात टाकू नका. बोर्ड वॉरंटीत पाठवताना पिना झाकण्यासाठी तेच मागतात.