कासवाचे डोळे सुजले, चिकटले तर: आधी टपातलं पाणी बघा, मग औषध

कासवाचा डोळा सुजला की बहुतेक जण मेडिकलमध्ये जाऊन माणसांचे ड्रॉप्स आणतात. दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी डोळा पुन्हा बंद होतो, कारण दुखणं मुळात डोळ्याचं नसतं. पाणी, खाणं, दिवा आणि हवा या चारपैकी काहीतरी बिघडलेलं असतं, आणि ते आधी दिसतं डोळ्यात.

मराठवाड्यात घरोघरी दिसतं ते पाण्यातलं, कानाजवळ लाल पट्टा असलेलं रेड इअर्ड स्लायडर. क्वचित कुणाकडे जमिनीवरचं सल्काटा असतं. ते साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत असल्यामुळे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव किंवा विहिरीत सापडणारं मऊ पाठीचं देशी कासव पाळणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. असं कासव जखमी सापडलं तर घरी उपचार करत बसू नका, वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. स्लायडरचा कंटाळा आला म्हणून त्याला विहिरीत किंवा गोदावरीत सोडणं तर अजिबात नको. ते परदेशी आहे आणि देशी कासवांच्या जागेवर आणि खाण्यावर डल्ला मारतं.

डोळा कसा बघायचा

सकाळी, अंग गरम झाल्यावर बघा. थंड पडलेलं कासव तसंही डोळे मिटून पडतं. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पारा दहाच्या खाली गेला की डोळे बंद आणि खाणं बंद, हे नुसत्या गारठ्यानेही होतं. पाणी 24 ते 27 अंशांवर आणा, ऊन खायच्या जागी 30 ते 32 अंश ठेवा. दोन दिवसांत डोळे उघडले आणि सूज नसली तर विषय तिथेच संपला.

कासवाला डोळ्यातून नाकात जाणारी अश्रुनलिका नसते. त्यामुळे पाणी बाहेर ओघळतं आणि जमिनीवरच्या कासवाचा डोळ्याखालचा भाग थोडा ओला दिसतो. डोळा टपोरा, चकचकीत आणि पूर्ण उघडा असेल तर त्या ओलीची काळजी नको. तिरका सरकणारा पातळ पडदा म्हणजे तिसरी पापणी, तोही आजार नव्हे. काळजी करायची ती पापण्या फुगल्या, चिकटल्या, कासव पुढच्या पायाने सारखं डोळा चोळायला लागलं किंवा बुबुळावर दुधाळ डाग दिसला तर.

पुढचा प्रश्न: एक डोळा की दोन्ही? एकच असेल तर कचरा, ओरखडा किंवा टपातल्या दुसऱ्या कासवाने मारलेला पंजा. दोन्ही एकदम सुजले तर कारण सगळीकडचं आहे, म्हणजे पाणी, दिवा किंवा अ जीवनसत्त्व. डोळ्यामागे, कानाच्या जागी सुपारीएवढी गाठ आली असेल तर तो कानातला पू. कासवाचा पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो. तो दाबून निघत नाही, डॉक्टरांना चीर देऊनच काढावा लागतो. डोळे आत खोल गेलेले असतील तर ही सूजच नाही, अंगातलं पाणी कमी झालंय. अशा कासवाला हनुवटीपर्यंत येईल एवढ्या कोमट पाण्यात रोज 20-30 मिनिटं बसवा.

पाणी, म्हणजे आपल्याकडचं खरं दुखणं

नळाला आठवड्यातून एकदा पाणी, उन्हाळ्यात टँकर. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मुलखात कासवाच्या टपाचं पाणी रोज कोण बदलणार? न बदललेल्या पाण्यात विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजतं, अमोनिया तयार होतो आणि डोळे चुरचुरतात. टपावर वाकल्यावर उग्र वास आला तर वेगळी तपासणी लागत नाही. तरीही मत्स्यालयाच्या दुकानात अमोनिया मोजायचं किट मिळतं. आकडा शून्य यायला हवा.

वास्तूसाठी म्हणून काचेच्या वाडग्यात तीन बोटं पाण्यात ठेवलेल्या पिल्लाचे डोळे सुजणं ठरलेलंच. कवचाच्या दर इंचामागे सुमारे 40 लिटर पाणी धरा. चार इंची कासवाला 160 लिटर, म्हणजे 200 लिटरचं पिंप उभं कापलं तरी त्याला अपुरं. पाणी जितकं कमी तितकं लवकर घाण होतं, म्हणून मोठा टप शेवटी पाणी वाचवतो.

पाणी वाचवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जेवण वेगळ्या घमेल्यात द्या. पाच-सहा लिटर कोमट पाण्यात कासव ठेवा, खाणं टाका, अर्ध्या तासाने परत टपात. घमेल्यातलं पाणी कढीपत्त्याला किंवा जास्वंदीला ओता. एवढ्याने टपातली निम्म्याहून जास्त घाण टळते. फिल्टर असेल तर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी सगळं.

उलट चूकही होते. पाणी आल्या आल्या टप भरला जातो. टँकरच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर जास्त पडलेली असते, आणि दोन तासांत दोन्ही डोळे लाल. पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवा, क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर मत्स्यालयाचं क्लोरीन काढणारं औषध बाटलीवरच्या मापाने घाला. बोअरचं जड पाणी कवचावर पांढरा थर धरतं, डोळ्यांना सहसा बाधत नाही. टप फिनेलने किंवा भांड्याच्या साबणाने घासू नका. गरम पाणी आणि ब्रश पुरे.

खाणं

नुसता सुका जवळा, मुरमुरे किंवा पोळीचा तुकडा यावर वाढलेल्या स्लायडरला काही महिन्यांत अ जीवनसत्त्व कमी पडतं. डोळ्याभोवतीच्या ग्रंथींचं अस्तर जाड होतं, त्या तुंबतात आणि पापण्या फुग्यासारख्या सुजतात. डोळा उघडत नाही म्हणून अन्न दिसत नाही, आणि अन्न दिसत नाही म्हणून कासव खात नाही. ड्रॉप्सने हे बरं होत नाही.

मुख्य खाणं कासवाच्या तयार गोळ्यांचं ठेवा. सोबत शेवग्याचा पाला, रताळ्याच्या वेलाची पानं, किसलेलं गाजर, लाल भोपळा द्या. पालक आणि माठ रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. सल्काटाला गवत हेच मुख्य, वर जास्वंदीची पानं, काटे काढलेली नागफणी. बीड-जालन्याकडे रेशीम करणारं कुणी ओळखीचं असेल तर तुतीचा पाला मागा. अळ्या मरतील म्हणून त्या पाल्यावर औषध मारायला शेतकरी सहसा धजत नाही, म्हणजे तो बाजारातल्या भाजीपेक्षा भरवशाचा.

अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन किंवा माणसांच्या कॅप्सूल स्वतःहून देऊ नका. मात्रा जास्त झाली की कासवाची कातडी सोलून निघते. ते वजन करून डॉक्टरच ठरवतील.

दिवा आणि धूळ

यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा, वरून लावा, बाजूने नाही. बाजूचा उजेड थेट बुबुळावर पडतो. अंतर डब्यावर लिहिलेलं असतं, ते पट्टीने मोजा. नवा दिवा लावल्यावर एक-दोन दिवसांत दोन्ही डोळे मिटले तर आधी तो बंद करून बघा. पाण्याच्या फिल्टरमधला जंतुनाशक यूव्हीसी दिवा कासवावर कधीच लावू नका, डोळा जळतो. आपल्याकडे ऊन फुकट आहे, पण काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी नसतो. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास द्या, शेजारी सावली ठेवा. मे महिन्यात नऊनंतर बाहेर ठेवलेलं कासव भाजून मरतं.

जमिनीवरच्या कासवाखाली लाकडाचा भुसा, बारीक वाळू किंवा सोयाबीनचं भुस्कट नको. ओलसर कोकोपीट किंवा साधी माती बरी. कूलरचा झोत थेट अंगावर नको, डासांची कॉइल त्या खोलीत नको.

डोळा धुणं

मेडिकलमधून 500 मिलीची एनएस, म्हणजे 0.9 टक्के सलाईनची बाटली आणा. नुसतं "सलाईन" मागितलं तर साखरेचं हातात पडू शकतं, लेबल वाचा. बाटली कोमट पाण्यात ठेवून कोमट करा. न मिळाली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, वजनकाट्यावर मोजून. उघडलेलं सलाईन 24 तासांत संपवा.

दोघं लागतात. एकाने कासव टॉवेलमध्ये धरायचं. डोकं आत ओढलं असेल तर बाहेर खेचू नका. मागचे पाय हळूच आत दाबले की जागा करायला डोकं बाहेर येतं. मग अंगठा आणि मधलं बोट जबड्यामागे ठेवून हलकं धरा. दुसऱ्याने सुई काढलेल्या 5 मिलीच्या सिरिंजने डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला धार सोडायची. सिरिंज गालाला समांतर हवी, बुबुळावर रोखलेली नको. पापण्या चिकटल्या असतील तर सलाईनमध्ये भिजवलेला कापूस पाच मिनिटं टेकवा. नखाने किंवा इअरबडने खरवडू नका. दिवसातून दोनदा, तीन दिवस. आधी आणि नंतर हात साबणाने धुवा, कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

दूध, मध, हळद, तुरटी, गुलाबपाणी यातलं काहीही डोळ्यात घालू नका. स्टेरॉइड असलेले ड्रॉप्स, म्हणजे डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेले, बुबुळावर जखम असेल तर ती खोल करतात. आणि गुरांच्या गोचिडांसाठी घरात असलेलं आयव्हरमेक्टिन कासवाच्या जवळही नेऊ नका. कासव त्याने मरतं.

डॉक्टर कधी

बुबुळावर पांढरा डाग, रक्त, नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, पाण्यात एका बाजूला कलून तरंगणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी. शेवटची तीन लक्षणं फुप्फुसाची आहेत. नुसती सूज तीन दिवसांत उतरली नाही तरीही जा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. बाकी कुठेही आधी फोन करून सरपटणारे प्राणी बघतात का ते विचारा. नेताना पाणी नको, ओल्या टॉवेलचा भोकं पाडलेला डबा पुरे, आणि उन्हाळ्यात निघायचं ते सकाळी.

डॉक्टरांनी टोब्रामायसिन किंवा ऑफ्लॉक्सासिनसारखे ड्रॉप्स दिले तर सांगितलेले दिवस पूर्ण करा, डोळा आधी उघडला तरी. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. औषध घातल्यावर स्लायडरला अर्धा ते एक तास कोरड्या, उबदार जागी ठेवा, नाहीतर ते पाण्यात धुऊन जातं. डोळे बंद असेपर्यंत टपातलं पाणी कवच जेमतेम बुडेल एवढंच ठेवा.

या काळात किचनच्या काट्यावर आठवड्याला वजन घेऊन भिंतीवर लिहा. पहिल्या वजनाच्या दहा टक्के घट झाली तर पुन्हा डॉक्टरांकडे. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची सूज उतरायला काही आठवडे लागतात, तेवढ्यात औषध बदलत बसू नका. ड्रॉप्सची उघडलेली बाटली 28 दिवसांनी फेका, पुढच्या वेळेसाठी फ्रिजमध्ये जपून ठेवू नका.